आवाज वाढवण्याआधी त्याला दिशा द्या

गणेशोत्सव जवळ आला की गावोगावी आवाजाची चर्चा सुरू होते आणि दरवर्षी ती एकाच प्रश्नावर अडते: आवाज किती ठेवायचा? कुरुंदवाडला हा प्रश्न जरा जास्तच जवळून भिडतो. वस्ती दाट, गल्ल्या अरुंद, मंदिरे, मशिदी, शाळा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. काही मशिदींत गणपती बसवण्याची इथली परंपरा कित्येक दशकांची आहे, आणि नदीपलीकडे नृसिंहवाडीचे दत्तमंदिर. एवढ्याशा जागेत आरती, अजान, व्याख्यान, शाळेचे वर्ग आणि आजारी माणसाची झोप या सगळ्यांना एकाच हवेत नांदायचे असते. अशा ठिकाणी आवाज किती असावा हे ठरवण्याआधी तो कुठवर जायला हवा आणि कुठे जाता कामा नये, हे ठरवले पाहिजे. आवाजाला वळण देता येते, तो पसरवता येतो, एका ठिकाणी गोळाही करता येतो. त्यामागचे शास्त्र जुने आहे आणि त्याची बरीचशी साधने आपल्या गावातल्या साउंडवाल्याकडे आजही पडून आहेत. ती कशी वापरायची आणि त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवायची नाही, हे मंडळांचे कार्यकर्ते, देवस्थानांचे आणि मशिदींचे विश्वस्त, शाळा आणि नगरपरिषद यांच्यासमोर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रकाशासाठी भिंग असते तसे आवाजासाठीही असते. काचेत प्रकाशाचा वेग कमी होतो म्हणून तो वळतो; आवाजही ज्या माध्यमात हळू चालतो तिकडे वळतो. साध्या तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, कार्बन डायऑक्साइड वायूत सुमारे २६७ मीटर. म्हणून या वायूने भरलेला फुगा आवाजाचे बहिर्गोल भिंग होतो. जर्मन शास्त्रज्ञ सोंडहाउस यांनी १८५२ मध्ये पातळ पडद्याच्या पिशवीत हा वायू भरून आवाज एका बिंदूवर गोळा करून दाखवला होता. पुढे १९४९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कॉक आणि हार्वी यांनी वायूऐवजी तिरक्या पट्ट्यांची रांग वापरली. पट्ट्यांमधून जाताना आवाजाला वाकडी, लांब वाट धरावी लागते, म्हणून तो उशिरा बाहेर पडतो. मध्ये जास्त उशीर आणि कडेला कमी उशीर झाला की लहर आत वळून गोळा होते, उलट केले की ती फाकते. १९५० च्या दशकात जेबीएल कंपनीने अशी पट्ट्यांची आणि भोकांच्या पत्र्यांची भिंगे आपल्या कर्ण्यांच्या तोंडावर बसवली. हेतू गोळा करण्याचा नव्हता, उंच पट्टीचा आवाज रुंद फाकवण्याचा होता. अलीकडे, २०१७ मध्ये, इंग्लंडच्या ससेक्स आणि ब्रिस्टल विद्यापीठांतल्या संशोधकांनी आत नागमोडी वाटा असलेल्या सोळा प्रकारच्या लहान विटा केल्या. प्रत्येक वीट आवाजाला ठरावीक उशीर लावते आणि त्या हव्या तशा मांडल्या की हवे तसे भिंग तयार होते. २०१९ मध्ये अशी दोन भिंगे एकापुढे एक ठेवून, त्यांच्यातले अंतर बदलून आवाजाचा केंद्रबिंदू पुढेमागे सरकवता येतो, हेही दाखवले गेले. कॅमेऱ्याच्या झूमचेच हे तत्त्व.

या बातम्या वाचून उद्या बाजारात एखादी पेटी येईल आणि ती स्पीकरपुढे लावली की आवाज फक्त आपल्या मंडपात राहील, असे कुणाला वाटले तर नवल नाही. तसे होणार नाही, आणि का होणार नाही हे कळले की बाकी सगळे निर्णय सोपे होतात. भिंग असो, कर्णा असो वा स्पीकरांची रांग, त्याचा आकार आवाजाच्या तरंगलांबीपेक्षा पुरेसा मोठा असेल तरच ते आवाजाला वळवू शकते. विटांचे २०१७ चे प्रयोग ४०,००० हर्ट्झच्या, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीवर झाले. त्याची लांबी हवेत जेमतेम साडेआठ मिलिमीटर असते, म्हणून तळहाताएवढे भिंग पुरते. बोलण्यातली व्यंजने स्पष्ट करणारा आवाज २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास असतो. त्याची लांबी १७ ते साडेआठ सेंटिमीटर. १,००० हर्ट्झला ती ३४ सेंटिमीटर होते. आणि छातीत धडधडणारा १०० हर्ट्झचा बेस? साडेतीन मीटर. त्याला वळवायला कित्येक मीटरचे भिंग लागेल. ते कोणत्या गल्लीत उभे करणार? याउलट सोनोग्राफीचे यंत्र पाहा. तिथे ३५ लाख हर्ट्झचा ध्वनी वापरतात आणि शरीरात त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. म्हणून मुठीत मावणाऱ्या प्रोबवर रबरासारख्या पदार्थाचे भिंग बसते, आणि प्रोबमधल्या बारीक बारीक घटकांना वेगवेगळा उशीर देऊन डॉक्टर केंद्रबिंदू हवा तितका खोल नेतात. बदलता येणारे ध्वनिभिंग पाहायला इंग्लंडला जायची गरज नाही. मिरजेला सोनोग्राफीसाठी गेलेल्या प्रत्येकाच्या त्वचेला ते टेकले आहे.

तेव्हा पहिला सल्ला: लहान पेटीतून ‘बेसचा झोत’ देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नका. श्राव्यातीत ध्वनीवर स्वार करून बोलणे अरुंद झोतात पाठवणारे सपाट स्पीकर खरोखर मिळतात. संग्रहालयात एका चित्रापुढे उभ्या असलेल्या माणसालाच माहिती ऐकवायला ते उत्तम आहेत. पण त्यांत बेस जवळजवळ नसतो, आवाज बेताचा असतो आणि उघड्या मैदानात ते काही कामाचे नाहीत. दुसरा सल्ला त्याच नियमातून निघतो: शब्दांना दिशा द्या, बेसला आवर घाला. आरती, प्रवचन, घोषणा, व्याख्यान यांतला जो भाग समजण्यासाठी लागतो, तोच भाग आवाक्यातल्या साधनांनी वळतो. माणसांचा आणि पदार्थविज्ञानाचा असा मेळ फार कमी वेळा बसतो. त्याचा फायदा न घेणे हे मला निव्वळ नुकसान वाटते.

हाताशी असलेल्या साधनांपैकी सर्वांत उपयोगी म्हणजे कॉलम, एकाखाली एक लहान स्पीकर असलेली उभी पेटी. सव्वा मीटर उंचीचा कॉलम १,००० हर्ट्झचा आवाज वर-खाली साधारण ३० ते ३५ अंशांत ठेवतो आणि डावी-उजवीकडे मात्र मोकळा पसरतो. बसलेल्या श्रोत्यांसाठी हेच हवे असते. आकाशात आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत जाणारा आवाज वाचतो. ३०० हर्ट्झला हाच कॉलम जवळजवळ काहीच आवरत नाही, हेही ध्यानात ठेवा. अनेक मंडपांत कॉलम आडवा ठेवलेला दिसतो. तो आडवा झाला की नेमका उलटा परिणाम होतो: आवाज वर-खाली उधळतो आणि बाजूच्या रांगांना कमी मिळतो. तो उभाच हवा, शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोक्याकडे किंचित झुकवलेला. कर्ण्याचेही तसेच. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर तोंडाचा कर्णा ८०० हर्ट्झच्या वरचा आवाज बऱ्यापैकी एका दिशेला नेतो, पण तो शिखरावर किंवा गच्चीवर क्षितिजाला समांतर बांधला तर झोत आपल्या लोकांच्या डोक्यावरून पुढच्या वाडीत उतरतो. कर्ण्याचे तोंड खाली, श्रोत्यांकडे वळवायला एक पाना आणि दहा मिनिटे लागतात. खर्च शून्य.

तिसरी गोष्ट अंतराची. उघड्यावर साध्या स्पीकरपासून अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. स्टेजजवळच्या एका स्पीकरजोडीवर सगळा भार टाकला तर चार मीटरवरच्या माणसाला बत्तीस मीटरवरच्या माणसापेक्षा १८ डेसिबल जास्त मिळतात. मागच्याला ७५ मिळावेत म्हणून पुढच्याच्या कानांवर ९३ आदळतात, आणि पुढच्या रांगेत बहुधा लहान मुले बसलेली असतात. त्याऐवजी सोळा मीटरवर दुसरी जोडी उभी करा. पहिल्या जोडीला मग निम्मेच अंतर भरायचे असते, म्हणजे तिला सहा डेसिबल कमी, पाव शक्ती पुरते. एकच काळजी घ्यायची: आवाजाला सोळा मीटर चालायला ४७ मिलिसेकंद लागतात, पण तारेतून तो तत्क्षणी पोहोचतो. म्हणून दुसऱ्या जोडीला मिक्सरवर किंवा प्रोसेसरवर उशीर लावावा. दहा-पंधरा मिलिसेकंद जास्तच ठेवा, म्हणजे सुमारे ६० करा; मग मागे बसलेल्यालाही बोलणारा स्टेजवरूनच बोलतोय असे वाटते. हल्लीच्या बहुतेक डिजिटल मिक्सरवर ही सोय असते, फक्त ती कुणी उघडत नाही. आणि हा ‘उशीर’ म्हणजेच सोंडहाउसच्या फुग्यातला आणि ससेक्सच्या विटेतला उशीर आहे. मोठ्या कार्यक्रमांत टांगलेल्या लाइन ॲरेमध्ये, म्हणजे खोक्यांच्या उभ्या रांगेत, प्रत्येक खोक्याला असा वेगवेगळा उशीर देऊन झोत वाकवतात. भिंग तिथे वस्तू राहत नाही, गणित होते. म्हणून ते कार्यक्रम चालू असतानाही बदलता येते.

आता बेसचा आक्षेप. मिरवणुकीतल्या तरुणांना विचारले तर ते सरळ सांगतील की शब्द ऐकायला आम्ही येत नाही, अंगाला लागणारा ठोका हवा असतो. ही इच्छा खोटी नाही. ढोल-ताशाचे, हलगीचे सुखही त्याच ठोक्यात आहे. बेसला भिंगाने वळवता येत नसले तरी एका दिशेला मारता येते. तीन बेसपेट्यांपैकी एकीचे तोंड मागे करून तिला योग्य उशीर आणि उलटी ध्रुवता दिली, तर मागच्या बाजूला लहरी एकमेकींना खोडतात आणि तिथला बेस साधारण दहा डेसिबल किंवा त्याहून जास्त उतरतो. पुढे मात्र तो टिकून राहतो. मैदानात, मोठ्या चौकात, स्टेजमागे दवाखाना किंवा घरे असतील तर ही मांडणी जरूर करायला सांगा. अरुंद गल्लीत मात्र तिचा भरवसा धरू नका. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून लहरी परतून येतात आणि खोडलेला आवाज पुन्हा उभा राहतो. गल्लीत डॉल्बीचा बेस कमी करणे हाच उपाय आहे. त्याला पर्यायी तंत्र नाही.

इथे मोजमापाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाचे मानक दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ध्वनिक्षेपक असलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर या मानकापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी ते चालते. म्हणजे निवासी गल्लीत दिवसा ६५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी, आणि सरकारने वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत दिली तर अपवाद. हे आकडे ‘ए’ भाराने मोजतात, आणि ‘ए’ भार माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या सुरांना कमी धरतो. ५० हर्ट्झच्या आवाजातून मीटर सुमारे ३० डेसिबल वजा करतो. म्हणून मीटर नियमात असतो आणि शेजाऱ्याच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात. दोघेही खरे बोलत असतात. मंडळाने ‘ए’ आणि खालचे सूर फारसे न कापणारा ‘सी’ अशा दोन्ही भारांनी मोजावे. दोन आकड्यांत वीस डेसिबलचा फरक दिसला तर तक्रार बेसची आहे असे समजावे. मोबाइलचे ॲप दोन जागांची तुलना करायला ठीक आहे, कायद्याच्या वादात ते टिकत नाही. मोजायचे कुठे? स्टेजपुढे नको. हद्दीवर, सर्वांत जवळच्या घराच्या खिडकीपाशी आणि शेवटच्या रांगेत. शेवटच्या रांगेतला आकडा वाढावा आणि खिडकीपाशी तो उतरावा. दिशा साधली की नाही याची दुसरी कसोटी नाही.

‘वर्षातले दहा दिवस, तेवढे सोसा’ असेही म्हणतात. पण दिशेचा आग्रह शेजाऱ्यांवरच्या उपकारापुरता नाही. पुढच्या रांगेतले कान बधिर झाले, मागच्या भिंतीवरून प्रतिध्वनी परतला की आपल्याच श्रोत्यांना शब्द लागत नाहीत. मग कार्यकर्ता आवाज आणखी वाढवतो आणि शब्द आणखी हरवतात. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी तीनच डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट मोठा वाटायला दहापट शक्ती लागते, आणि दहापट शक्तीचे भाडेही त्याच हिशेबाने येते. खर्चाची सबब सांगणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. गायक विष्णू दिगंबर पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी याच कुरुंदवाडला झाला. गाणे दरबारातून काढून त्यांनी ते तिकीट घेऊन येणाऱ्या सामान्य श्रोत्यांपुढे नेले, तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. गळ्याच्या ताकदीबरोबर बैठकीची रचना, पाठीमागची भिंत आणि श्रोत्यांचे अंतर यांवर सगळे अवलंबून असे. त्यांच्या गावाने तरी या गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे.

बांधकाम करणाऱ्यांसाठी एक इशारा. घुमट आणि अर्धगोल भिंती आपोआप आवाज गोळा करतात, कुणी सांगितले नसले तरी. विजापूरच्या गोल घुमटात सज्ज्यातली कुजबुज पलीकडच्या बाजूला ऐकू येते आणि एका टाळीचे अनेक प्रतिध्वनी उठतात. पाहायला जाणाऱ्याला त्यात गंमत वाटते, पण तिथे प्रवचन लावले तर एक वाक्य दुसऱ्यात मिसळून जाईल. नवे सभामंडप किंवा प्रार्थनागृह बांधताना घुमटाच्या गोलाचे केंद्र बसलेल्यांच्या डोक्याच्या उंचीवर येऊ देऊ नका. ते बरेच वर किंवा बरेच खाली जाऊ द्या, किंवा घुमटाच्या आत आवाज शोषणारा थर द्या. जुन्या वास्तूत हे शक्य नसते. तिथे स्पीकर घुमटाकडे रोखले जाणार नाहीत एवढे पाहा.

शाळांना हे मुलांपुढे ठेवता येईल. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून निघणारा वायू मोठ्या फुग्यात भरा. फुगा तीस सेंटिमीटरपर्यंत फुगला पाहिजे. दोन-तीन मीटरवर मोबाइलवरून ४,००० हर्ट्झचा बारीक स्वर मंद लावा आणि फुग्याच्या पलीकडे, पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, कान पुढेमागे सरकवत नेमकी जागा शोधा. साध्या हवेचा फुगा ठेवून तुलना करा. मग ४०० हर्ट्झचा स्वर लावा आणि परिणाम नाहीसा होतो का ते पाहा. तरंगलांबीचा नियम याहून स्वस्तात शिकवता येणार नाही. वायू हुंगायला मात्र देऊ नका.

शेवटी नदी. कृष्णा-पंचगंगेकाठी राहणाऱ्यांना ठाऊक असते की संध्याकाळनंतर पलीकडच्या काठाचे बोलणे स्वच्छ ऐकू येते. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वाढतो. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की वर निघालेला आवाज खाली वळतो आणि पाण्यावरून दूर जातो. भर दुपारी उलट होते आणि आवाज वर उचलला जातो. म्हणून दुपारी चाचणी घेऊन ठरवलेला आवाज रात्री नृसिंहवाडीपर्यंत जास्तच पोहोचतो. चाचणी कार्यक्रमाच्याच वेळी घ्यावी. आवाजाला दिशा देण्याचा नियम पुराच्या काळात जीव वाचवणारा ठरेल. २०१९ च्या महापुरात आपल्या शिरोळ तालुक्यातल्या गावांनी जे सोसले, त्यानंतर सूचना वेळेवर आणि शब्दशः कळणे किती महत्त्वाचे आहे हे कुणाला सांगायला नको. वेगवेगळ्या गच्च्यांवर चौफेर बांधलेले कर्णे एकाच वेळी बोलतात तेव्हा त्यांचे आवाज वेगवेगळ्या वेळी पोहोचून एकमेकांना पुसतात. लोकांना नुसता गोंगाट ऐकू येतो, ‘पाणी’ आणि ‘पूल’ कळत नाही. नगरपरिषदेने प्रत्येक वस्तीसाठी तिच्याकडे रोखलेला वेगळा कर्णा ठेवावा, बेस पूर्ण कापावा, वाक्ये लहान ठेवावीत, एका वस्तीची सूचना संपल्यावरच दुसरीची द्यावी. नदीकाठच्या प्रत्येक गल्लीत एका माणसाने उभे राहून ऐकलेले शब्द लिहून घ्यावेत आणि लिहिलेले चुकले तर कर्ण्याची दिशा बदलावी. हे काम जूनचा पाऊस सुरू होण्याआधी पुरे व्हावे, अशी नगरपरिषदेला आणि नदीकाठच्या मंडळांना विनंती आहे.